युद्धपट घरात बघताना

(कासुर्डी, ता. दौंड येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून सकाळीच एकानं आम्हाला विचारलं, "पिक्चर कसा बघायचा हे काय शिकवायचं? टीव्ही लावायचा अन् बसायचं." बरोबर आहे. जेवायलाही कोणी शिकवत नाही. पण काय खाल्लं आणि ते अंगी लागलं का, हे आपण बघतोच की नाही? तेवढंच आज बघायचं आहे, युद्धपटांच्या बाबतीत. त्यातही जे फारसे कोणाच्या ऐकण्यात नाहीत अशा युद्धपटांच्या, आणि ते थिएटरात न बघता घरात बघण्याच्या बाबतीत.

आम्ही म्हणजे इथलीच पाच-सहा घरं. पंधरवड्यातून एका शनिवारी रात्री कोणाच्या तरी घरी जमायचं आणि एक युद्धपट बघायचा, असा क्रम चाललाय. शेतकरी आहेत, कंपनीत जाणारे आहेत, दोन शिक्षक आहेत, एक निवृत्त फौजी काका आहेत, भरतीची तयारी करणारी तीन-चार पोरं आहेत आणि त्या पोरांच्या आया आहेत. सिनेमातलं जाणकार असं कोणी नाही. तेव्हा आज जे सांगू ते अभ्यासकाचं समजू नका. बघता बघता जे कळलं, तेवढंच सांगतो.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या पिक्चरपासून करू. 'बॉर्डर' १९९७ साली आला, तो आपण किती वेळा बघितलाय याची मोजदाद नाही. आम्हालाही तो आवडतो. पण असा पिक्चर बघताना आपण एकच प्रश्न धरून बसलेलो असतो : ठाणं राखलं की गेलं? आणि त्याचं उत्तर तिकीट काढायच्या आधीच आपल्याला ठाऊक असतं. मग शेवटी टाळ्या वाजतात, डोळे पुसले जातात आणि दुसऱ्या दिवशी आपण मोटर चालू करायला वावरात जातो. पिक्चर तिथंच संपतो.

आता बाकीचे युद्धपट मागं का पडतात, ते बघू. यात कोणाचं कारस्थान नाही, सरळ हिशेब आहे. युद्धपट काढायचा म्हणजे रणगाडे, विमानं, दारूगोळा, शेकडो माणसं. सैन्याची मदत लागते, त्यासाठी परवानग्या लागतात. एवढा पैसा घातला की तो वसूल व्हायला थिएटर भरावं लागतं, आणि थिएटर भरायला पडद्यावर विजय लागतो. ज्या गोष्टीत विजय नाही, नुसती वाट बघणं आहे, तिला गर्दी होत नाही. दुसरं कारण भाषेचं. रशियन, एस्टोनियन, फ्रेंच चित्रपट आपल्या तालुक्याच्या थिएटरात कशाला येतील? आणि तिसरं कारण वयाचं. जुना चित्रपट लोकांच्या आठवणीतून जातो. पुण्यात १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि तिथं जुन्या रिळांची निगा राखली जाते, म्हणून निदान काही तरी हाताशी राहिलं.

याचं एक ताजं उदाहरण '१९७१' नावाच्या चित्रपटाचं. अमृत सागर यांनी दिग्दर्शित केलेला, मनोज बाजपेयी प्रमुख भूमिकेत, २००७ साली आला. त्या युद्धात ९३,००० पाकिस्तानी सैनिक शरण आले आणि पुढं करारानुसार परत गेले, हे आपण शाळेत शिकलो. पण आपलेही काही जवान तिकडं अडकले असावेत, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आहे. 'बेपत्ता ५४' या नावानं ती यादी ओळखली जाते. पाकिस्ताननं असे कोणी कैदी आपल्याकडं असल्याचं कायम नाकारलं. चित्रपटात १९७७ साल आहे. युद्ध संपून सहा वर्षं झालीत आणि काही भारतीय कैदी छावणीतून निसटायची धडपड करतायत. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण थिएटरात तो चालला नाही. पुढं २०२० साली यूट्यूबवर फुकट उपलब्ध झाला, लोक घरात बसलेले होते, आणि लाखो लोकांनी तो बघितला. म्हणजे पिक्चर तोच, थिएटरानं टाकलेला, तो घरानं उचलला. घरात बघण्याचं महत्त्व इथं कळतं. घराला गर्दीची गरज नसते.

आता आमची खरी गोष्ट सांगतो. एका शनिवारी आम्ही 'बॅलड ऑफ अ सोल्जर' नावाचा रशियन चित्रपट लावला. १९५९ सालचा, दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराय. हे चुखराय स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले, जखमी झालेले. गोष्ट साधी आहे. अल्योशा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा आघाडीवर आहे. शत्रूचे रणगाडे अंगावर येतात, तो घाबरून पळतो आणि पळता पळता दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती पदक द्यायला निघतात. पोरगं म्हणतं, पदक नको, घरी जाऊ द्या. आईचं छप्पर गळतंय, तेवढं नीट करून येतो. सहा दिवसांची रजा मिळते. दोन दिवस जायचे, दोन यायचे आणि दोन छपराचे.

पुढं सगळा प्रवासच आहे. वाटेत एक जवान आपल्या बायकोसाठी दोन साबणवड्या देतो, कारण घरी साबण मिळत नाही. एका पायानं अधू झालेला सैनिक घरी जायला कचरतोय, त्याला धीर द्यावा लागतो. गाड्या चुकतात, पूल तुटतात, रजेचे दिवस गळत जातात. अखेर गावात पोचतो तेव्हा हातात काही मिनिटंच असतात. आई वावरातून धावत येते, दोघं भेटतात आणि तो निघतो. तो परत येणार नाही, हे चित्रपटानं सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं.

पिक्चर संपला. कोणी बोलेना. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मग छप्पर शाकारलं कोणी?"

मंडळी, चित्रपटात याचं उत्तर नाही. पण त्या एका प्रश्नानं आमची बघायची रीतच बदलली. त्या रात्री फौजी काका पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "रजा मंजूर झाली की आधी गाडीचे दिवस वजा करायचे. मग बहिणीचं लग्न, मग आईचा दवाखाना, मग विहिरीचं काम. उरेल ती आपली रजा." झेलम एक्स्प्रेसनं दौंडवरून जम्मूकडं जाणाऱ्या कित्येक जवानांचा हिशेब हाच असणार. आपल्याला फक्त स्टेशनवरचा निरोप दिसतो.

तेव्हापासून प्रत्येक युद्धपटानंतर आम्ही आजींचाच प्रश्न विचारतो : या गोष्टीत कोणाचं कोणतं काम अर्धं राहिलं, आणि ते पुढं कोणी केलं? एवढा एक प्रश्न धरला की चित्रपट उघडत जातो. आणि आमचा अनुभव असा, की फारसे माहीत नसलेले युद्धपट याच प्रश्नाभोवती उभे असतात. गाजलेल्यांना ठाण्याची काळजी असते, यांना छपराची.

दुसरा चित्रपट 'टँजरिन्स'. टँजरिन म्हणजे संत्र्यासारखंच एक फळ. २०१३ सालचा, दिग्दर्शक झाझा उरुशाद्झे, जॉर्जिया आणि एस्टोनिया या दोन देशांनी मिळून केलेला. लांबी दीड तासाच्या आत. काळ १९९२चा, जागा काळ्या समुद्राकाठचा अबखाझिया. तिथं पूर्वी एस्टोनियातून येऊन वसलेले शेतकरी होते. युद्ध पेटल्यावर बहुतेक सगळे निघून गेले. मागं राहिले दोन म्हातारे. मार्गुसची बाग फळांनी लगडलीय आणि इव्हो त्याच्यासाठी लाकडी पेट्या ठोकतोय. तोडणीला माणूस मिळत नाही. एक लष्करी अधिकारी आपले जवान तोडणीला पाठवायचं कबूल करतो, त्याच्याकडं आस लावून बसलेत. आणि नेमकी त्यांच्या दारात चकमक होते. दोन जखमी उरतात, दोन्ही बाजूंचा एकेक. इव्हो दोघांनाही एकाच घरात आणून निजवतो आणि वचन घेतो, माझ्या घरात कोणी कोणाला मारायचं नाही.

हा चित्रपट आमच्याकडं सगळ्यात जास्त कोणी उचलून धरला असेल, तर ऊस लावणाऱ्यांनी. टोळी वेळेवर आली नाही तर उभ्या उसाचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. पडद्यावर गोळी सुटली की पोरं दचकायची आणि मोठी माणसं बागेकडं बघायची. "अजून दोन दिवस गेले की फळ गळणार," असं एक जण मधेच बोलून गेला. बघा, भाषा कळत नाही, देश नकाशात शोधावा लागतो, पण पीक कळतं. परका युद्धपट घरात बघायचा तर शिरकाव असा कामाच्या बाजूनं करावा. कोणता पक्ष कोणाचा, हे नंतर समजून घेता येतं.

तिसरा चित्रपट आपल्याच रस्त्यावरचा. इथून हायवेनं सरळ पुढं गेलं की सोलापूर. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०चा. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत राहिल्याचं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडंच गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४६ साली, व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरची, संगीत वसंत देसाईंचं, कोटणीसांच्या भूमिकेत स्वतः शांताराम आणि पत्नीच्या भूमिकेत जयश्री. एवढा मोठा माणूस, एवढा मोठा दिग्दर्शक, तरी आज आपल्या किती घरांत हा बघितला गेलाय? आमच्यात एकानंही बघितला नव्हता.

तो बघताना एक गोष्ट लक्षात आली, ती महत्त्वाची आहे. चित्रपट संपतो तो कोटणीसांच्या पत्नीचं बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येणं दाखवून. मन भरून येतं. पण प्रत्यक्षात छिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या येऊन जात राहिल्या, पण घर तिकडं. मुलगा यिनहुआ १९६७ साली, ऐन तारुण्यात वारला. त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही आहेत. छिंगलान २०१२ साली गेल्या. म्हणजे प्रत्यक्षात जे काम अर्धं राहिलं, ते चित्रपटानं पडद्यावर पुरं करून दाखवलं. याला खोटं म्हणायचं का? आमच्यात वाद झाला. शेवटी एक शिक्षक म्हणाले, हे खोटं नाही, ही त्या काळच्या प्रेक्षकांची इच्छा आहे. ते काही असो, युद्धपट बघितल्यावर खरं काय घडलं हे वाचून बघायचं, हा नियम आम्ही त्या दिवसापासून केला. जिथं चित्रपट खऱ्यापासून सुटतो, तिथं त्याला काहीतरी सहन झालेलं नसतं. ती जागा शोधावी.

आता पोरांचा आक्षेप सांगतो, कारण तो रास्त होता. आमच्याकडची पोरं पहाटे कालव्याच्या कडेनं पळतात. सोळाशे मीटरचं गणित त्यांच्या डोक्यात चोवीस तास असतं. ती म्हणाली, "असले रडके पिक्चर बघून भरतीला जायचं मन होईल का?" आणि एका आईनं उलट बाजूनं विचारलं, "मन होणार नसेल तर अजून चार लावा." (हशा.) पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही.

त्यावर आम्ही 'विजेता' लावला. १९८२ सालचा, निर्माते शशी कपूर, दिग्दर्शक गोविंद निहलानी आणि लेखनात आपले कवी दिलीप चित्रे. कुणाल कपूरनं केलेला अंगद वैमानिक व्हायला निघतो. वडील पंजाबी, आई मराठी, म्हणजे रेखा, आणि घरात दोघांचं पटत नाही. लढाई चित्रपटात आहे, हवाई दलाची खरी विमानं आहेत, पण बराचसा वेळ जातो तो पोराच्या गोंधळात, त्याच्या भीतीत आणि शिकण्यात. पोरांनी हा चित्रपट गप्प बसून बघितला. भीती वाटणारा माणूस भित्रा असतोच असं नाही, हे अल्योशानंही सांगितलं होतं, पण ते रशियन होतं. अंगदकडून ते पटलं.

या बैठकांमुळं कोणाचं भरतीचं मन बदललं नाही. पळणं चालू आहे. पण एक पोरगा दुसऱ्याच कामाला लागला. घरची मोटर चालू-बंद करणं, कालव्याच्या पाळीची वही, सोसायटीचं कर्ज, बँकेत वारसाचं नाव, हे सगळं तो आईला बसून शिकवायला लागला. आम्ही विचारलं, हे काय? म्हणाला, "छप्पर आधी शाकारून जातो." आम्हाला वाटतं, त्याला जे कळलं ते कुठल्याही भाषणानं कळलं नसतं.

शेवटचा चित्रपट 'इंदिजेन', फ्रेंच आहे. इंग्रजीत 'डेज ऑफ ग्लोरी' नावानं मिळतो. २००६ सालचा, दिग्दर्शक रशीद बुशारेब. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या अल्जीरिया-मोरोक्कोच्या सैनिकांची ही गोष्ट आहे. लढायला पुढं, बढतीला मागं, अशी त्यांची गत. ते देश स्वतंत्र होत गेले तसं, १९५९ साली, फ्रान्सनं त्यांची पेन्शन आहे तिथं गोठवली. फ्रेंच सैनिकाची वाढत राहिली, यांची थांबली. हा चित्रपट आला, चर्चा झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच सरकारनं ही रक्कम बरोबरीला आणायचं जाहीर केलं. जवळजवळ पन्नास वर्षं अडलेलं काम एका चित्रपटाच्या धक्क्यानं हललं. तोवर कित्येक जण वारले होते, हेही खरं.

हा चित्रपट बघताना आपल्याला आपला इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसं गेली, दुसऱ्यात सुमारे पंचवीस लाख. महाराष्ट्रात अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नावं नाहीत. साताऱ्याचं आपशिंगे तर नावापुढं 'मिलिटरी' लावतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावात जी फौज वेढली गेली, तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे १४७ दिवस वेढा चालला. दाणागोटा संपत आला, घोडे कापायची वेळ आली आणि ते मांस खायला अनेक हिंदी शिपाई तयार नव्हते. अखेर सुमारे तेरा हजार जण शरण गेले आणि त्यातले हजारो कैदेत मेले. त्यांची छपरं कोणी शाकारली, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

आता घरात बघायचं कसं, ते थोडक्यात सांगतो.

एक. चित्रपट आधी एकानं पुरता बघून घ्यावा. काही युद्धपट फार क्रूर असतात. लहान मुलं असतील तर तसला लावू नये. नाव गाजलेलं आहे म्हणून डोळे झाकून लावायचं नाही.

दोन. परभाषेतला असेल तर खालच्या ओळी एकानं मोठ्यानं मराठीत सांगाव्यात. लाजायचं काही कारण नाही. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या थिएटरात अशाच मोठ्यानं वाचल्या जायच्या. सगळं सांगायला जाऊ नये. दोन वाक्यांचं एक करावं आणि जिथं पात्रं गप्प आहेत तिथं आपणही गप्प बसावं.

तीन. आवाज बेताचा ठेवावा. तोफेचा आवाज मोठा केला की माणसाचा बारीक आवाज जातो, आणि या चित्रपटांत सगळं त्या बारीक आवाजात असतं.

चार. मध्ये एकदा थांबून चहा घ्यावा. पण मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पाच. संपल्यावर लगेच "कसा वाटला" विचारू नये. थोडं बसू द्यावं. मग आजींचा प्रश्न विचारावा.

आणि सहावं, ही विनंती समजा. ज्या रात्री 'इंदिजेन' बघितला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका घरानं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत पणजोबांचं पेन्शनचं जुनं पुस्तक निघालं. एका पानावर अंगठा आहे, पुढच्या पानापासून पणजीचा अंगठा आहे. दोन अंगठ्यांच्या मध्ये काय घडलं, ते सांगणारं घरात आता कोणी नाही. तुमच्याकडं अजून कोणी असेल, तर एखाद्या शनिवारी पिक्चर लावू नका. त्यांच्यापाशी बसा आणि विचारा. वही घेऊन बसा.

आमचं बोलणं इथं थांबवतो. कोणाला प्रश्न असतील तर विचारा, आणि पुढच्या बैठकीला यायचं असेल तर सतरंजी घरूनच आणा, आमच्याकडं आता पुरत नाही.